गल्लीचा नंबर

"शेवटचे चार आकडे सात-एक-सात-एक. तुझाच नंबर ना?" बँकेतल्या मॅडमनं स्क्रीनवरची नजर न काढता समताला विचारलं. तिचा नव्हता. तिचा स्वतःचा नंबर घेऊन जेमतेम महिना होत होता आणि तो अजून तिला पाठसुद्धा झाला नव्हता. कुणी विचारलं की ती गुपचूप मोबाइल उघडून बघून सांगायची. पण हे सात-एक-सात-एक! हे तिला पाढ्यांच्या आधी पाठ झालं होतं. दुसरबीडच्या त्यांच्या गल्लीतल्या झाडून सगळ्या पोरांना झालं होतं. शाळेत बाई विचारायच्या, घरचा फोन नंबर सांगा, की बाकावरची ओळच्या ओळ उभी राहून तोच एक नंबर सांगायची आणि बाई कपाळावर हात मारून घ्यायच्या. भाऊराव मोठेबांचा नंबर. ज्यांच्याशी तिच्या घरातलं कुणी चार वर्षांत एक शब्द बोललं नव्हतं त्या भाऊराव मोठेबांचा. "शेजारच्यांचा आहे," ती म्हणाली, आणि 'शेजारच्यांचा' हा शब्द आपण किती हळू म्हणालो हे तिचं तिलाच कळलं.

मॅडमनं सुस्कारा सोडला. चिडून नव्हे, हे उत्तर सकाळपासून तिसऱ्यांदा ऐकणाऱ्या माणसाचा असतो तसा. "आधारला त्यांचा नंबर लावलाय, मग ओटीपी त्यांच्याकडेच जाणार. अंगठ्याचं मशीन काल बिघडलंय, नाहीतर अंगठ्यावर केलं असतं. फोन कर त्यांना, विचार नंबर आला का, मी इथून पाठवते. नाहीतर मग सोमवारी ये." सोमवारी! समताला हसू आलं आणि रडूही. तेल गिरणीच्या ऑफिसात बसणारे साहेब काल काय म्हणाले होते ते मॅडमना कुठं माहीत? शनिवारी संध्याकाळपर्यंत खात्याचा नंबर दे, नसेल तर वडलांचा दे, भावाचा दे, कुणाचाही दे, पण एकदा भरला की शिकाऊ पोरींचं वर्षभराचं विद्यावेतन त्याच खात्यात जाईल, मग माझ्यामागं भुणभुण लावायची नाही. आणि आज शनिवार होता.

ती बाकावर येऊन बसली. बाहेर कापसाच्या गाड्यांची रांग लागली होती. दर वेळी काचेचा दरवाजा उघडला की हॉर्न आणि सरकीच्या तेलाचा तो खमंग-कुबट वास आत यायचा. खामगावात आल्यापासून हा वास तिच्या ओढणीत, उशीत, डब्यातल्या पोळीतसुद्धा बसला होता. गिरणीच्या लॅबमध्ये ती दिवसभर तेलाचे नमुने तपासायला शिकायची, काचेच्या नळ्या धुवायची, आणि संध्याकाळी खोलीवर आली की अर्पिता नाक धरून म्हणायची, "आली बाई तेलाच्या डब्यासकट." अर्पिता डोणगावची, घरचा भाजीपाल्याचा धंदा, जिभेला हाड नाही पण मनानं लाख. खात्याचा विषय निघाला तेव्हा तिनं एका दमात सगळे रस्ते सांगून टाकले होते. "माह्या खात्यावर घे. नाहीतं पोस्टात काढ, पोस्टातला काका चांगला हाय. नाहीतं मोबाइलवरचं पाकीट काढ. नाहीतं आपण पोरींनी मिळून भिशी लावू. तू काऊन एवढा जीव जाळून राह्यली?" समतानं तिला सांगायचा प्रयत्न केला होता, पण सांगण्यासारखं काही निघालंच नाही. पोस्टात गेलं तरी आधार, पाकीट काढलं तरी आधार, आणि आधाराला लागलेला तो सात-एक-सात-एक. तो कधीतरी आडवा येणार हे तिला ठाऊक होतं की काय? ठाऊक असेल. माणूस काही गोष्टी ठाऊक असूनही अंगठ्याचं मशीन चालू असेल या भरवशावर घराबाहेर पडतो.

आणि बाबांचं तर सरळच होतं. "प्रसेनजितचं खातं हाय ना. त्याच्यात येऊ दे. तो पाठवत जाईन तुले लागतीन तसे." दादा चांगला होता, पुण्याहून न मागता पाठवणारा होता, तिचं त्याच्याशी काही वाकडं नव्हतं. पण 'लागतीन तसे' हे दोन शब्द तिला खटकले ते खटकलेच. आईचं सगळं आयुष्य या दोन शब्दांत गेलं होतं. पंचफुलाबाईंची मजुरी, सोयाबीन सोंगायची असो की कापूस वेचायची, बाबांच्या हातात यायची. त्यांनी कधी उडवली नाही, दारूला शिवले नाहीत, पण आईला एक साधी पिन घ्यायची तरी ती आधी चहा करून पुढ्यात ठेवायची आणि मग विषय काढायची. आईची स्वतःची बँक म्हणजे तिखटाच्या डब्यातली पुरचुंडी, बचत गटातलं नाव, आणि एक शेळी. शेळीला करडू झालं की आई म्हणायची, माहं व्याज आलं. समता निघाली त्या दिवशी एसटीच्या खिडकीशी उभं राहून आईनं डब्यात ठेचा आहे, पाणी उकळून पी, रात्री दार लाव, असलं सगळं सांगून झाल्यावर, गाडी हलता हलता, एकदम वेगळ्याच आवाजात सांगितलं होतं, "तुह्या नावावर काढजो. कोणाच्याच नको." समतानं मान हलवली होती. त्या मान हलवण्याचंच आज इतकं ओझं झालं होतं.

भाऊराव मोठेबा म्हणजे बाबांचे लांबचे चुलतभाऊ, वयानं मोठे, म्हणून मोठेबा. ग्रामपंचायतीचं पाणी सोडायचे. पाणी कधी येणार हे विचारायला लोकांना सोयीचं जावं म्हणून गल्लीतला पहिला मोबाइल त्यांच्या खिशात आला, तो ते पदराखाली लेकरू झाकावं तसे रुमालात गुंडाळून ठेवायचे. मग शाळेत आधारचं शिबिर लागलं. समता तेव्हा इतकी लहान होती की फोटोसाठी तिला स्टुलावर पुस्तकं रचून बसवलं होतं. यंत्रावरच्या माणसानं मोबाइल नंबर विचारला आणि आईनं बाबांकडे, बाबांनी आईकडे बघितलं, कारण घरात मोबाइल नव्हताच. दारात मोठेबा उभे होते. "लिहा माहाच," ते म्हणाले. मग पुढच्या घराचा आला, त्याच्याही पुढच्या घराचा, आणि मोठेबा दारातून हलले नाहीत, प्रत्येकाला तेच, "लिहा माहाच." त्या दिवशी संध्याकाळपर्यंत अख्खी गल्ली त्यांच्या रुमालात गुंडाळली गेली. पुढं काय व्हायचं, की रेशनचा नाहीतर गॅसचा, कुणाच्या शिष्यवृत्तीचा आकडा आला की मोठेबा ओट्यावर येऊन हाळी द्यायचे, "ए रव्याऽ, तुहा आला रेऽ!" आणि सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशा खणखणीत आवाजात आकडे वाचायचे. गुपित नावाची चीज त्या आकड्यांत असते हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं आणि सांगितलं असतं तरी त्यांनी हसण्यावारी नेलं असतं. आपल्याच गल्लीत आपल्या माणसांपासून काय लपवायचं?

मग सिमेंटचा रस्ता आला. रस्ता चांगलाच आला, पण ठेकेदारानं उतार असा काढला की बाबांच्या, म्हणजे रवीच्या, मोरीचं पाणी थेट भाऊरावांच्या अंगणात. एक दिवस मोठेबांनी मातीचा बांध घातला, बाबांनी तो फावड्यानं फोडला, शब्दाला शब्द वाढला, आणि ज्या दोन माणसांनी जयंतीच्या मिरवणुकीत वर्षानुवर्षं एकाच पालखीला खांदा दिला होता ती माणसं एकमेकांच्या बापापर्यंत गेली. तेव्हापासून बोलणं बंद. ताटातली वाटी इकडून तिकडं जायची बंद. बाबांना इतका राग चढला की दुसऱ्याच आठवड्यात आईला आणि दादाला घेऊन सिंदखेड राजाला जाऊन त्यांनी तिघांचा आधारवरचा नंबर बदलून आणला. समता तेव्हा परीक्षा संपवून मामाच्या गावी गेलेली. तिचा राहिला. राहिला तो राहिलाच. रागानं केलेल्या कामात असं काहीतरी राहूनच जातं. पुढं बाकीच्या घरांनीही आपापले बदलून घेतले, हातोहाती मोबाइल आले, आणि ओट्यावरची ती हाळी कधी बंद झाली हे कुणाच्या ध्यानातही आलं नाही. समता शाळेतून येताना त्या ओट्यासमोरून मान खाली घालून जायची. मोठेबा तिच्याकडे बघायचे की नाही, हे तिला कधीच कळलं नाही, कारण वर बघितल्याशिवाय ते कळणार नव्हतं.

आणि आता त्या माणसाला फोन लावायचा. लावायचा तो लावायचा, पण लागेल का? जुना साधा फोन होता, तो काय आजवर टिकणार आहे? रिचार्ज महिनाभर मारला नाही तर हल्ली नंबर मेलेलाच समजायचा. एका बाजूनं तिला तो बंद असावा असंही वाटत होतं. म्हणजे मग कुणाचा दोष नाही, दादाचं खातं देऊन टाकायचं, आईला सांगायचं मशीन बिघडलं होतं. घरी विचारावं, तर घरचा फोन बाबांच्या खिशात, आणि बाबा काय म्हणणार हे तिला इथं बसून ऐकू येत होतं. समोर एक म्हातारे गृहस्थ दोरीला बांधलेल्या पेनाशी झटापट करत होते. मॅडम दुसऱ्याच कुणाला काहीतरी समजावत होत्या. तिनं आकडे लावले. बोटांनी आपसूक लावले. आणि पलीकडे घंटी वाजायला लागली. बाई गं, वाजतोय!

"हॅलो? कोन बोलून राह्यलं?"

तोच आवाज. थोडा फाटलेला, पण तोच, गल्लीभर जाणारा. तिनं मोबाइल कानापासून जरा लांब धरला. "मोठेबा, मी समता."

"रवीची समता?"

"हो."

"काऊन वं बाई? बरी हायस ना? कुठं हायस तू?" एका मागोमाग एक. तिनं ठरवलेली सगळी वाक्यं कुठल्या कुठं गेली. ती चार वर्षांनी बोलतेय, माफी कुठून सुरू करायची, कुणाच्या वतीनं करायची, याचा हिशेब ती लावत बसली होती आणि मोठेबा विचारत होते बरी हायस ना. तिनं कसंबसं सांगितलं, खामगावात आहे, खातं काढतेय, तुमच्या फोनवर आकडा येईल. "येऊ दे की मंग! त्यात भ्यायचं काय?" तिनं मॅडमना खूण केली. मॅडमनी बटण दाबलं. पलीकडे टुंग वाजलं, ते तिला इथं ऐकू आलं. "आला! आला वं! थांब, पाह्यतो, कानाचा काढून..." आणि फोन कट झाला.

झालं. लाल बटण दाबलं असणार. तिनं परत लावला, उचलला नाही. परत लावला, नुसतीच घंटी. मॅडमच्या स्क्रीनवर वेळ संपत चालला होता आणि मग संपला. "पुन्हा पाठवता येईल, पण जेवणाच्या सुट्टीआधी उरक," मॅडम म्हणाल्या. रागावले असतील का? हातात फोन घेतल्यावर त्यांना बांध आठवला असेल, फावडं आठवलं असेल, बाबा काय काय बोलले ते आठवलं असेल. आठवणारच. तिला तरी विसरता आलं होतं का? ती तेव्हा दाराआडून सगळं ऐकत होती. इतक्यात तिचाच मोबाइल वाजला. भलताच नंबर.

"मोठेबा बोलतो. हा दुसरा फोन हाय, नागपूरच्या पोरानं देल्ला. तुह्या फोनचा आकडा मोठा दिसते, तो याच्यात लावला. याच्यावरून बोलतो, अन् तो जुना हातात धरतो. आता कसा कटते पाह्यतो मी! पाठव म्हणा त्याइले."

दुसरा फोन. म्हणजे यांच्याकडे दुसरा फोन आहे, दुसरा नंबर आहे. मग हा जुना? तिला विचारायला वेळच नव्हता. मॅडमनी पाठवला. टुंग. "आला. पण हे बारीक दिसून नाही राह्यलं बाई, काच फुटली याची, अन् चष्मा मळ्यात विसरलो..." आणि मग तिला पावलं ऐकू आली. खडीवरची पावलं, मग सिमेंटवरची, मग लोखंडी फाटकाचा तो किरर्र आवाज, जो अख्ख्या जगात एकाच फाटकाचा होता. तिच्या घराच्या. एक कोंबडी फडफडली. शेळी ओरडली. समता बाकावरून उठून उभी राहिली. "पंचफुला! ओ पंचफुला! बाहीर ये वं, पोरीचा नंबर आला, वाचून दे लवकर!" तीच हाळी. आईचं "अगं माय" ऐकू आलं, भांडं पडल्याचा आवाज, मग आई अगदी जवळून, "लई बारीक हाय दादा, मले नाही दिसत." आणि मग कुणीतरी खोकलं. तो खोकला समतानं हजारांत ओळखला असता. बाबा घरी होते. बाबा ओट्यावर होते. आता काय? आता बाबा म्हणतील प्रसेनजितचं खातं आहे, आता बाबा म्हणतील फाटकाच्या बाहेर व्हा, आता पुन्हा ते फावडं निघेल.

"दादा," बाबा म्हणाले, "हा घ्या. माहा चष्मा लावा."

बस्, एवढंच. मग मोठेबा आकडे वाचायला लागले, खणखणीत, गल्लीभर ऐकू जातील असे, आणि प्रत्येक आकड्यामागे आई तोच आकडा परत म्हणत होती, चुकायला नको म्हणून. समता त्यामागून मॅडमना सांगत होती, आणि तिचा आवाज इतका चढला की पेनवाले म्हातारे गृहस्थ वळून बघायला लागले. मॅडमनी बटण दाबलं. स्क्रीनवर हिरवी खूण आली. "झालं बाई तुझं," मॅडम म्हणाल्या आणि पहिल्यांदाच तिच्याकडे बघून हसल्या. "रडतेस काय? खातं निघालं की."

"निघालं मोठेबा," ती फोनमध्ये म्हणाली. "माझ्या नावावर निघालं." पलीकडे आई काहीतरी बोलली ते नीट कळलं नाही, पण हसून बोलली. समताला आता राहवेना. "मोठेबा, तुमच्याकडं दुसरा फोन होता, मग हा जुना काऊन चालू ठेवला?"

"आता काय सांगू तुले," मोठेबा म्हणाले. "पोरगा बी हेच म्हणे, बाबा तो डबडा फेका, कशाले फुकट रिचार्ज मारता? गल्लीतल्या समद्याइनं आपापले बदलून घेतले. तुहं एकटीचं राह्यलं होतं. मले ठाव होतं ना, तू तवा मामाच्या गावाले होती. म्हणलं आज ना उद्या पोरीले लागंन. लागंन तवा बंद सापडला तं काय करन ते लेकरू?" आणि मग आवाज जरा खाली आणून, "मी दर महिन्याले मारत गेलो. सकाळ-संध्याकाळ चार्जिंगले लावत गेलो. बाकी काही नाही."

बाकी काही नाही! चार वर्षं ती मान खाली घालून त्या ओट्यासमोरून जात होती आणि आत खुंटीला लटकलेला एक फुटक्या काचेचा फोन तिची वाट बघत चार्जिंगला लागलेला होता. तिला वाटलं, आपल्याला कुणीतरी असं सांभाळत होतं आणि आपल्याला पत्ताच नव्हता. असं आणखी काय काय असेल, कुणाकुणाच्या खुंटीला? आभार मानावेत म्हणून तिनं तोंड उघडलं, पण 'थँक्यू' हा शब्द मोठेबांना कसा म्हणायचा तेच तिला कळेना. कुणी म्हटलाच नव्हता कधी. तेवढ्यात मोठेबा म्हणाले, "बरं ठेवतो, रव्या 'च्या प्या' म्हणून राह्यला," आणि त्यांनी फोन ठेवला.

जाताना मॅडमनी सांगितलं, आधारला आता तुझाच नंबर लावून घे, म्हणजे कुणाच्या मागं लागायला नको. शेजारच्याच गाळ्यात ते काम व्हायचं. समता गेली, रांगेत उभी राहिली, अंगठा दिला, तिथलं मशीन मेलं चांगलं चालत होतं. काही दिवसांत बदलून जाईल, तिथला मुलगा म्हणाला. तिथून ती गिरणीच्या ऑफिसात गेली, साहेबांच्या टेबलावर खात्याचा नंबर ठेवला. साहेबांनी तो उतरवून घेतला आणि बडबड न करता चहाचा कप तोंडाला लावला. सगळं रीतसर झालं होतं. आनंदच व्हायला हवा होता आणि होतही होता, छातीत मावत नव्हता. पण त्या आनंदाच्या तळाशी काहीतरी टोचत होतं आणि ते काय हे तिला कापसाच्या जिनिंग मिलच्या भिंतीजवळ आल्यावर कळलं. भिंतीवर, तारांवर, बाभळीवर कापसाचे पुंजके चिकटले होते, ऊन तिरपं झालं होतं, मजूर बाया घोळक्यानं घरी निघाल्या होत्या. आता त्या नंबरावर कुणाचंच काही उरलं नव्हतं. शेवटची तीच होती. आता टुंग वाजणार नाही. आता मोठेबा त्या खुंटीपाशी उगाच जातील, काही आलं का बघतील, आणि मग एखाद्या महिन्यात रिचार्ज मारायचं राहून जाईल, कारण कशासाठी मारायचं? गल्ली त्यांच्या रुमालातून एकेक करत उठून गेली होती आणि आज तीही उठली होती, तीही रीतसर, अंगठा देऊन.

ती भिंतीला टेकून उभी राहिली. मोबाइल काढला. दुपारी ज्यावरून फोन आला तो नवा नंबर वरच दिसत होता. तिनं तो लावला नाही. तिनं जुना लावला, बोटांनी, न बघता. घंटी वाजली. फार वेळ वाजली. खुंटीवरून काढायला वेळ लागत असणार, किंवा अजून आमच्याच ओट्यावर बसले असणार, ती मनात म्हणाली, आणि 'आमच्या ओट्यावर' या विचारानं तिला एकटीलाच हसू फुटलं.

"हॅलो? समता का वं?" मोठेबा धापा टाकत होते. "थांब, थांब. कट नको करू. अजून मेसेज नाही आला. रव्याचा चष्मा घेऊनच बसलो मी. पाठवला का त्याइनं?"

"नाही मोठेबा. मेसेज नाही यायचा."

"मंग?"

"असाच लावला."

पलीकडे शेळी ओरडली. कुणीतरी, बहुतेक आईनं, कपबशा उचलल्याचा आवाज आला. मग फोन या कानाचा त्या कानाला लावल्यासारखी खुडबुड झाली.

"असाच?" ते म्हणाले. "बरं. बोल मंग."